उत्तरेच्या भिंतीतली झडप

१

जुनी चर्च कुठे कुठे गळतात ते शोधून काढणं हा हेस्टर गार्बटचा धंदा होता. पाणी कुठून गळतं हे नव्हे, ऊब कुठून गळते हे. सव्वीस वर्षं ती यॉर्कशायरच्या खेड्यापाड्यांतून शिडी, हत्यारांची पेटी आणि धुराची नळी घेऊन हिंडत होती. नळी पेनाएवढी. तिच्या टोकातून धुराची बारीक रेघ निघायची. रेघ सरळ वर गेली तर ठीक, वाकली तर तिथे फट आहे. मग ती फट बुजवायची, दुसरी शोधायची. "थंडी आत येत नसते, ऊब बाहेर जाते," असं ती भेटेल त्याला सांगायची. नवऱ्याला ते इतकं पाठ झालं होतं की तो तिच्याआधी म्हणायचा.

त्या नोव्हेंबरात तिच्याकडे स्केल्डबीचं काम आलं. आठशे वर्षांचं दगडी चर्च, चौकोनी मनोरा, बाकांवर एकशे वीस माणसांची जागा आणि रविवारच्या उपासनेला चौदा डोकी. बॉयलर वसंतातच मेला होता. पाळकबाई इमोजेन टील एकटीने सहा गावांची सहा चर्च सांभाळायची. तिने फोनवर सरळच सांगितलं होतं, "नाताळपर्यंत इथे माणसाला बसवेल एवढी तरी ऊब आली नाही, तर वरचे लोक कुलूप लावतील. आणि एकदा लागलेलं कुलूप कोणी काढत नाही."

हेस्टर कामाला लागली तेव्हा तिच्यामागे कथबर्ट स्टेन्सबी फिरत होता. वय एकोणऐंशी. आयुष्यभर गाई राखल्या, आणि गेली तीस वर्षं चर्चच्या किल्ल्या.

"काय गं पोरी, देवाला सिगारेट शिकवतेस काय?"

"देवाला नाही. वाऱ्याला विचारतेय, कुठून येतोस म्हणून."

"मला विचार की. सगळा माझ्याच मानेवर येतो."

मनोऱ्याच्या कमानीतून वारा येत होता, दाराखालून येत होता, जमिनीतल्या जुन्या लोखंडी जाळ्यांतून येत होता. सगळं नेहमीचं. शेवटी ती उत्तरेच्या भिंतीशी पोचली. तिसऱ्या खिडकीच्या वरच्या अंगाला एक काच तिरपी उघडणारी होती. झडपच म्हणायची. ती वीतभर उघडी होती. तिची दोरी खाली आकड्याला बांधलेली, आणि गाठीवर रंगाचे इतके थर चढले होते की गाठ दगडासारखी झाली होती.

हेस्टर शिडी चढली आणि तिने नळी झडपेशी धरली. रेघ अलगद वळली आणि बाहेर गेली.

ती थांबली. वारा त्या दिवशी उत्तरेचाच होता. फाटकापासून दारापर्यंत येताना तिची टोपी दोनदा उडाली होती. या झडपेतून वारा आत घुसायला हवा होता, धूर तिच्या डोळ्यांत जायला हवा होता. तिने शिडी सरकवली, पुन्हा नळी धरली. धूर बाहेरच गेला. सावकाश, एकसारखा, जणू आतून कोणी हलकेच फुंकत होतं.

मनोऱ्याकडून दाब येत असेल, असं तिने वहीत लिहिलं.

"ही लावत का नाही तुम्ही?" तिने खाली विचारलं.

"नाही लावत."

"पण का?"

"माझ्याआधी ॲम्ब्रोज होता. तोही लावायचा नाही."

"तुम्ही त्याला विचारलं नाही?"

स्टेन्सबीने टोपी काढून डोकं खाजवलं. "विचारणार होतो एकदा. पण त्याचा चेहरा असा झाला की म्हटलं, जाऊ दे."

२

पुढच्या आठवड्यात तिने एकेक भोक बुजवलं. मनोऱ्याच्या कमानीला लोकरीचा जाड पडदा. दाराला नमद्याची पट्टी. जमिनीतल्या जाळ्यांवर लाकडी झाकणं. कडांना चुना. उत्तरेची झडप तिने सर्वांत शेवटी घेतली. गाठ सुटेना म्हणून तिने चाकूने दोरी कापली, आणि काच आपल्या वजनाने खट्‌कन बसली.

त्या क्षणी एक आवाज थांबला.

असा काही आवाज येत होता हेच तिला तोवर कळलं नव्हतं. स्वयंपाकघरातला फ्रिज थांबला की कशी घरभर एकदम शांतता होते, तसं झालं. ती शिडीवर कान देऊन उभी राहिली. काही नाही. फटीतून शिटी वाजत असणार, ती बुजली, आवाज गेला. यात नवल ते काय?

खाली पाहिलं तर स्टेन्सबी टोपी घालून दाराकडे निघाला होता.

"चहा नको का?"

"बाहेर घेईन मी," तो म्हणाला. त्यानंतर कितीतरी दिवस त्याने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

निघण्याआधी हेस्टरने पाच छोटे डबे भिंतींवर लावले. ते दर दहा मिनिटांनी तपमान, दमटपणा आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड टिपून ठेवत. कुठल्याही चर्चला ती ते लावायचीच. नंतर काम किती झालं हे आकड्यांत दाखवता येतं.

३

झडप लावल्यापासून अकराव्या दिवशी सकाळी पाळकबाईचा फोन आला.

"हेस्टर, जादू केलीत तुम्ही! अठरा डिग्री!"

"बॉयलर चालू केलात वाटतं?"

"बॉयलर कुठला? त्यात उंदरांनी घर केलंय. आपोआप अठरा! नेटी फॉसेट रोज विणकाम घेऊन येऊन बसते, तिच्या घरापेक्षा इथे बरं म्हणून. बुधवारी म्हाताऱ्यांचं जेवणही इथेच ठेवतेय मी."

हेस्टरने फोन ठेवला आणि हातातला टोस्ट तसाच बशीत टाकला. बुजवाबुजवी करून दोन डिग्री मिळाल्या असत्या. फार तर तीन. बाहेर चार डिग्री असताना, आत चूल नाही की शेगडी नाही, अठरा कुठून येणार? ऊब बाहेर जायची थांबते. नसलेली ऊब येत नाही.

त्या डब्यांतली नोंद फोनवरून मागवता यायची. तिने ती टेबलावर उघडली.

बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचा आकडा दहा लाख भागांत चारशे वीसच्या आसपास असतो. माणसं बसली की चढतो, गेली की उतरतो. रविवारी उपासनेच्या वेळी तो थोडा चढला होता. पण नंतर उतरला नव्हता. सोमवारी चढत होता, मंगळवारी चढत होता, सकाळ-दुपार-संध्याकाळ सारख्याच चालीने. चर्चला कुलूप होतं तेव्हाही. पाचही डब्यांची रेघ एकच.

बसलेला माणूस तासाला हा वायू किती सोडतो, याचं कोष्टक तिला पाठ होतं. गंमत म्हणून तिने उलटा हिशेब केला. झडप लावली त्या दिवशीची चढण जेमतेम आठ माणसांची होती. चौथ्या दिवशी एकेचाळीस. सातव्या दिवशी नव्वद. नवव्या दिवशी एकशे वीस.

त्यापुढे मात्र माणसांचा आकडा वाढला नव्हता. जागा भरल्यासारखा तिथेच थांबला होता.

डबे बिघडले असतील. पाचही? जमिनीखालून वायू येत असेल. जुनी थडगी असतात, माती कुजते, वायू सुटतो, हे तर पुस्तकातच आहे. हेस्टरला त्या विचाराने हायसं वाटलं, आणि ती गाडीची किल्ली शोधू लागली.

४

दुपारचे बारा वाजले होते. गवतावर हिमाचा पांढरा थर तसाच होता. स्टेन्सबी दारासमोरच्या छपरीत लाकडी बाकावर थर्मास घेऊन बसला होता. नाक लालबुंद.

"आत का बसत नाही, मिस्टर स्टेन्सबी? अठरा डिग्री आहे म्हणे."

"म्हणूनच."

"म्हणजे काय?"

"मला गर्दीत गुदमरतं गं," तो म्हणाला आणि थर्मासचं झाकण लावण्यात गुंतला.

आत पाऊल टाकलं आणि हेस्टरच्या चष्म्यावर वाफ धरली. ऊब कोरडी नव्हती, शेगडीची नव्हती. पावसाळी दिवशी भरलेल्या बसमध्ये असते तशी होती. ओल्या लोकरीची, अंगांची. सगळ्या खिडक्यांवरून आतल्या बाजूने पाण्याचे ओघळ उतरत होते.

नेटी फॉसेट चौथ्या ओळीत बसली होती. वय चौऱ्याऐंशी, एवढीशी बाई, हातात राखाडी लोकर. अख्खा बाक रिकामा, आणि ही अगदी टोकाला, एक पाय वाटेत काढून, अंग चोरून बसलेली.

"अहो मिसेस फॉसेट, सरका की आत. अशा अवघडून काय बसलात?"

"जागा कुठाय गं?" नेटी हसून म्हणाली. मग तिने बाकाकडे पाहिलं, हेस्टरकडे पाहिलं, आणि तिचं हसू जरा गोंधळलं. "मेलं, काय बोलते मी." पण सरकली नाही.

हेस्टरने जमिनीतल्या जाळीवरचं झाकण उचललं आणि नळी धरली. वायू खालून येत असेल तर धूर वर उसळेल. धूर जागच्या जागी उभा राहिला. दुसऱ्या जाळीवरही तेच. खालून काही येत नव्हतं. तिने पिशवीतून नवा कोरा डबा काढला, बाकावर ठेवला. जुन्यांनी दाखवला तोच आकडा त्याने दाखवला.

मग ती उत्तरेच्या खिडकीशी गेली. काचेवर वाफ होती, पण सारखी नव्हती. तळहाताएवढे गोल गोल ठिपके होते, एका ओळीत. खिडकीशी उभं राहून बाहेर पाहणाऱ्या माणसाचं तोंड जिथे येईल, तिथे. काही जरा उंच, काही बुटके, दोन अगदी खाली. ती पाहत असताना एक ठिपका आकसून गेला, आणि पुन्हा हळूच पसरला.

"दमटपणा," ती मोठ्याने म्हणाली. आवाज कुठे घुमलाच नाही. गच्च भरलेल्या सभागृहात विरतो तसा विरला.

एवढ्यात पाळकबाई जेवणाची यादी हातात घेऊन आत आली. हेस्टर म्हणाली, "ही झडप उघडावी लागेल. हवा वाईट आहे आतली."

"अहो, असं काय करता? सतरा जण येणार म्हणतायत बुधवारी. सतरा! लोक परत यायला लागलेत इथे. नाताळ होऊ दे, मग उघडा."

"आकडे चांगले नाहीत."

"माणसं आजारी पडतील एवढे वाईट?"

खरं उत्तर 'अजून नाही' असं होतं. हेस्टरने तेच दिलं. तिला तिथून लवकर बाहेर पडायचं होतं, आणि वाद घातला असता तर थांबावं लागलं असतं.

५

मंगळवारी दोन वाजता ती उष्णता दाखवणारा कॅमेरा घेऊन परत आली. घरी चार रात्री नीट झोप नव्हती. जेवणाच्या आधी एकदा सगळं तपासायचं, कारण सापडलं तर ठीक, नाही तर कोणाला न विचारता काच उघडायची, असं तिने ठरवलं होतं.

स्टेन्सबी छपरीत उभाच होता.

"नेटी दहापासून आत आहे," तो म्हणाला. "बाराला हाक मारली, 'हो' म्हणाली. एकला मारली, 'हो' म्हणाली. आत्ता तुझी गाडी वळली तेव्हा मारली, तर 'हो' म्हणाले."

"म्हणाले? कोण म्हणाले?"

त्याने नुसतं दाराकडे बोट दाखवलं.

हेस्टर आत गेली. नेटी जागेवरच होती, मान छातीवर, मांडीवर विणकाम. "मिसेस फॉसेट?" उत्तर नाही. हातातला कॅमेरा सवयीने चालूच होता, आणि चालता चालता हेस्टरची नजर त्याच्या पडद्यावर गेली.

बाक नारिंगी, म्हणजे गरम, दिसत होते. सगळे. बैठकी, पाठी, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. माणूस बराच वेळ बसून उठला की त्याची ऊब लाकडात राहते; तशी एकाला लागून एक, दाटीवाटीने. फक्त चौथ्या ओळीच्या टोकाला निळीकाळी खाच होती, भिंतीच्या दगडाच्या रंगाची. तिथे नेटी बसली होती.

हेस्टरने कॅमेरा समोरच्या बाकावर टाकला आणि तिचा हात धरला. हात गार. गाल गार. अठरा डिग्रीच्या त्या घामट उबेत ती बाई विहिरीतून काढल्यासारखी गार होती. नाकाशी बोट धरलं तर श्वास आहे की नाही कळेना.

"मिस्टर स्टेन्सबी! आत या! आत्ताच्या आत्ता या!"

तो आला. उंबऱ्याशी क्षणभर अडखळला, डोळे मिटले, आणि आला. दोघांनी तिला उचललं. चर्चमधली मधली वाट चांगली रुंद, मोकळी. पण त्यांना खांदा पुढे करून, अंग तिरकं करून जावं लागत होतं. आणि सर्वांत वाईट म्हणजे, दोन पावलं टाकली की वाट मिळायची. कोणीतरी सभ्यपणाने बाजूला व्हावं तशी.

दारात पोचल्यावर हेस्टर म्हणाली, "ॲम्ब्युलन्स बोलवा. तुमचा कोट घाला तिच्या अंगावर."

"आणि तू कुठे निघालीस?"

"काच उघडते."

"पोरी, राहू दे!"

पण ती परत गेली होती. मेणबत्त्या विझवायचा लांब दांडा कोपऱ्यात होता. तो घेऊन ती बाकावर चढली आणि तिने झडपेला खालून ढोसलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा काच सुटली.

आवाज मोठा नव्हता. लांबलचक होता. तिच्या पाठीमागून गरम वारा सुटला, केस पुढे उडाले, वेदीवरचं कापड खिडकीच्या बाजूला ओढलं गेलं. ती भिंतीला चिकटून उभी राहिली. खूप वेळ तो वारा तिला ओलांडून जात होता, आणि त्याला चढउतार होते, जणू एका अरुंद दारातून रांग जात होती.

संपला तेव्हा ती खाली उतरली. बाकावर टाकलेला कॅमेरा चालूच होता, तोंड मागे करून पडला होता. पडद्यावर बाक निळे पडत चालले होते. मागची ओळ गेली, तिच्या पुढची गेली.

चौथ्या ओळीच्या टोकाला, आधी जिथे खाच होती तिथे, एक बारकी नारिंगी आकृती बसली होती. तिचे हात मांडीवर लहान लहान हलत होते. विणकाम करताना हलतात तसे.

हेस्टरने बाकाकडे पाहिलं. बाक रिकामा होता. तिने कॅमेऱ्याचं बटण दाबून तो बंद केला, आणि पळाली.

६

हॉस्पिटलात नेटीच्या अंगाचं तपमान सदतीस डिग्री हवं तिथे सत्तावीस भरलं. तरुण डॉक्टरने हेस्टरलाच झापलं.

"कुठल्या बर्फात बसवली होतीत हिला?"

"अठरा डिग्रीत."

"चेष्टा करताय?"

म्हाताऱ्या माणसांचं रक्त मंद होतं, बसल्या जागी अंग गार पडतं, वाईट हवेत गुंगी येते. हे सगळं खरं होतं आणि तिने ते स्वतःला दिवसातून पाच-सहादा सांगितलं. नेटी वाचली, हीच गोष्ट मोठी. नवव्या दिवशी ती उठून बसली, दोन वाट्या सूप प्यायली, नर्सशी हसली-बोलली. घरी सोडली.

अहवालात हेस्टरने लिहिलं की उत्तरेची झडप कायम उघडी ठेवावी. कारणाच्या रकान्यात 'दमटपणा' लिहिलं. इमारत तापवायच्या भानगडीत न पडता बाकांवर विजेच्या उबदार गाद्या घालाव्यात, म्हणजे माणसं तरी गरम राहतील, असंही सुचवलं. पाळकबाईने वाचलं आणि सही केली. बुधवारच्या जेवणाचं तिने पुन्हा नाव काढलं नाही.

७

नाताळच्या आधीच्या रविवारी, सकाळी अकराच्या उपासनेला, गाद्या नीट चालतात का पाहायला हेस्टर गेली. चर्च पुन्हा पाच डिग्रीवर आलं होतं. तिला ते बरं वाटलं. थंडी होती, पण स्वच्छ होती. आवाज घुमत होता. ती मागच्या ओळीत बसली. स्टेन्सबी दाराशी उभा होता, आतल्या बाजूला.

गीत सुरू झालं. सगळे उभे राहिले. थंडीत प्रत्येकाच्या तोंडातून वाफेचे लोट निघत होते, सूर वर गेला की मोठे, खाली आला की लहान. दक्षिणेच्या खिडकीतून तिरपं ऊन येत होतं आणि त्यात ते लोट सोन्यासारखे दिसत होते. पाळकबाईचा, ऑर्गन वाजवणाऱ्या बाईचा, पुढच्या ओळीतल्या माणसांचा.

नेटी चौथ्या ओळीत होती. या वेळी बाकाच्या मधोमध, ऐसपैस. निळी टोपी, गालांवर चांगली लाली. आवाज तर पूर्वीपेक्षा मोठा. तोंड पूर्ण उघडून, मान मागे टाकून गात होती.

तिच्या तोंडातून काहीच निघत नव्हतं.

हेस्टर पाहत राहिली. कडवं संपलं, दुसरं सुरू झालं. ऊन तिच्या चेहऱ्यावरच होतं. नजरचूक व्हायला जागा नव्हती. ओठ हलत होते, सूर स्पष्ट येत होता, आणि ओठांपुढची हवा काचेसारखी नितळ होती.

मध्येच नेटीने मागे वळून पाहिलं, जणू कोणी हाक मारली. हेस्टर दिसल्यावर ती ओळख दाखवून हसली आणि शेजारची मोकळी जागा थोपटून तिला जवळ बोलावलं.

हेस्टर उठली. गुडघे बाकाला आपटले, पुस्तक पडलं, ते तिने उचललं नाही. दारापाशी स्टेन्सबी वाटेत उभा होता. तो बाजूला झाला नाही. तो नेटीकडे पाहतच नव्हता. तो हेस्टरच्या चेहऱ्याकडे पाहत होता, तोंडाकडे, आणि त्याच्या स्वतःच्या नाकातून वाफेचे दोन बारीक पट्टे भराभर निघत होते.

"पोरी," तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "त्या दिवशी तूही बराच वेळ होतीस आत. जरा बोल बघू काहीतरी."

हेस्टरने ओठ गच्च मिटले. नाकावर मफलर ओढला, स्टेन्सबीला हाताने बाजूला सारलं, आणि थडग्यांमधल्या पांढऱ्या वाटेने ती गाडीकडे चालत सुटली.

"हेस्टर! अगं, नुसतं हो म्हण!"

ती गाडीत बसली, दार लावून घेतलं. समोरची काच लख्ख होती, तिच्यावर वाफेचा ठिपकाही नव्हता. काचेकडे न पाहता, डोळे मिटून, श्वास रोखून ती तशीच बसून राहिली.